पातळ लॅपटॉप पडल्यावर कितपत तग धरतो?

प्रश्न – एक शिक्षिका, सातारा

नमस्कार. माझी मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि वसतिगृहात राहते. मागच्या आठवड्यात ती घरी आली असताना तिचा लॅपटॉप पलंगावरून शहाबादी फरशीवर पडला. पलंग फार तर दीड फूट उंच असेल. लॅपटॉप उघडा होता आणि चार्जरला जोडलेला होता. धाकट्या मुलाचा पाय वायरीत अडकला आणि वायरीबरोबर लॅपटॉपही खाली ओढला गेला.

आता पडद्याच्या डाव्या बाजूला रंगीत उभ्या रेघा दिसतात आणि उजव्या बिजागरीपाशी झाकणाची कड थोडी उघडली आहे. टीव्हीला जोडला की चित्र अगदी स्वच्छ येते, त्यामुळे आतले काम चालू आहे असे दिसते. दुरुस्ती केंद्रात मात्र सांगितले की पूर्ण झाकण बदलावे लागेल, त्याला लॅपटॉपच्या मूळ किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च येईल आणि पडल्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.

माझा स्वतःचा २०१३ सालचा जाडजूड लॅपटॉप शाळेच्या शिक्षक-खोलीत टेबलावरून दोनदा पडला आहे. त्याचा एक कोपरा उडाला, यापलीकडे त्याला काहीही झाले नाही. म्हणून विचारते : हे नवे पातळ लॅपटॉप खरोखरच नाजूक असतात का? नवीन घ्यायची वेळ आली, तर वसतिगृहात राहणाऱ्या मुलीसाठी जाड यंत्र घ्यावे का? काही लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘लष्करी दर्जाची मजबुती’ असे लिहिलेले असते, त्यावर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर १ – लॅपटॉप दुरुस्ती करणारा, पुणे

ताई, अठरा वर्षे हेच काम करतो आहे, म्हणून माझ्या टेबलावर जे येते त्यावरूनच सांगतो. पडलेल्या पातळ लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, बहुतेक वेळा शाबूत असतो. मार बसतो तो पडद्याला, बिजागरीला आणि चार्जरच्या खाचेला, आणि तुमच्याकडे यातल्या निदान दोन गोष्टी झालेल्या दिसतात.

पूर्वीच्या जाड लॅपटॉपमध्ये पडद्याभोवती बोटभर रुंद प्लास्टिकची चौकट असे. कोपऱ्यावर आदळला तरी मार आधी त्या चौकटीवर जाई आणि काच त्यापासून दूर राही. आता चौकट काही मिलिमीटरच उरली आहे, म्हणून झाकणाच्या कडेला साधा पोचा पडला तरी तो थेट काचेला टेकतो. शिवाय पूर्वी पडदा चार स्क्रूंनी बसवलेला असे आणि तेवढाच बदलता येत असे. आज बऱ्याच मॉडेलांत काच, पडदा आणि झाकण एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या तड्यासाठी सगळे झाकण बदलावे लागते. तुम्हाला सांगितलेला खर्च मोठा आहे तो याच कारणामुळे. म्हणजे आजचा लॅपटॉप पूर्वीपेक्षा सहज मोडतो असे मी म्हणणार नाही, पण मोडल्यावर थोडक्यात सुटका होत नाही हे मात्र खरे आहे.

बिजागरीचे दुखणे वेगळे आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या यंत्रांत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत बसतात. उघडे यंत्र पडले की झाकण तरफेसारखे वागते आणि सगळा जोर त्या नळ्यांवर येतो. नळी प्लास्टिकसकट उपटून निघाली की झाकणाची कड तुमच्याकडे उघडली आहे तशी उघडते. अशा अवस्थेत झाकण पुन्हा पुन्हा उघडू-मिटू नका, कारण पडद्याची केबल त्याच बिजागरीतून जाते आणि उरलेले नुकसान त्या हालचालीनेच होते.

झाकण बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून कळवाल का? झाकण अगदी हलक्या हाताने थोडेसे पुढे-मागे केल्यावर रेघा बदलतात का, आणि लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवला असता तो चारही पायांवर टेकतो का? रेघा बदलत असतील तर दोष केबलचा असू शकतो आणि ते काम पुष्कळ कमी खर्चात होते.

उत्तर २ – यंत्र अभियंता, पिंपरी-चिंचवड

मॅडम, माझे काम वाहनांच्या सुट्या भागांच्या आघात-चाचण्यांचे आहे. लॅपटॉप हा माझा विषय नाही, पण पडण्याचे गणित सगळ्या वस्तूंना सारखेच लागू होते.

दीड फुटावरून, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटरवरून पडलेली वस्तू साधारण ०.३ सेकंदात जमिनीवर येते आणि त्या वेळी तिचा वेग सेकंदाला ३ मीटर असतो. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडली तर हाच वेग ३.८ मीटर होतो. वस्तू जड असो वा हलकी, वेग तोच राहतो. फरक पडतो तो ऊर्जेत. पाऊण मीटरवरून पडलेला अडीच किलोचा लॅपटॉप सुमारे १८ जूल ऊर्जा घेऊन आदळतो, तर सव्वा किलोचा त्याच्या निम्मी. त्यामुळे हलकेपणा हा पडताना यंत्राच्या बाजूनेच असतो, आणि पातळ यंत्राला नाजूक म्हणताना ही बाब सहसा विसरली जाते.

पण खरा प्रश्न वेगाचा नसून तो वेग किती अंतरात शून्यावर येतो याचा आहे. सरासरी मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वाच्या किती पट आहे ते काढायचे असेल, तर पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे. ४५ सेंटीमीटरवरून पडलेले यंत्र शहाबादी फरशीवर एका मिलिमीटरात थांबले, तर आतल्या प्रत्येक भागाला गुरुत्वाच्या ४५० पट झटका बसतो. तेच यंत्र घडी घातलेल्या गोधडीवर पडून दोन सेंटीमीटर दबत थांबले, तर झटका साधारण २२ पटींवर येतो. आपल्या घरांत शहाबादी, कोटा किंवा व्हिट्रिफाइड फरशी असते आणि यांतली कोणतीही फरशी दबत नाही, म्हणून थांबण्याचे सगळे अंतर यंत्राला स्वतःच्या अंगातून द्यावे लागते. तुमच्या जुन्या लॅपटॉपचा कोपरा उडाला, तो याच हिशेबात खर्ची पडला आणि त्याने आतले भाग वाचवले. ॲल्युमिनियमच्या यंत्राला पोचा पडतो तेव्हाही हेच होते; पोचा दिसायला वाईट असला तरी तेवढी ऊर्जा धातू वाकवण्यात खर्च झालेली असते.

जाडीचा तोटा दुसरीकडे आहे. एकाच पदार्थाच्या पत्र्याची जाडी निम्मी केली, तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध एक अष्टमांश उरतो, कारण हा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. पातळ झाकण आघाताने क्षणभर वाकते आणि काचेला त्याच्याबरोबर तेवढे वाकता येत नाही. ॲपलच्या मॅकबुक एअरचे उदाहरण घ्या. २००८ सालचे पहिले यंत्र सर्वांत जाड जागी १.९४ सेंटीमीटर होते आणि त्याचे वजन १.३६ किलो होते. २०२२ सालचे १.१३ सेंटीमीटर जाडीचे आहे आणि त्याचे वजन १.२४ किलो आहे. जाडी चाळीस टक्क्यांहून अधिक घटली, वजन मात्र १२० ग्रॅमच कमी झाले. आघाताची ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहिली आणि ती पचवायला उरलेली जागा मात्र आटली. पातळपणाबद्दल माझी तक्रार असेल तर ती एवढीच आहे.

एका बाबतीत नवी यंत्रे निःसंशय पुढे आहेत. तुमच्या २०१३ सालच्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असेल. तिच्यात वाचणारे टोक फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते आणि चालू स्थितीत धक्का बसला तर ते तबकडीवर घासू शकते. यावर उपाय म्हणून आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये आणि ॲपलने २००५ मध्ये आपल्या लॅपटॉपमध्ये असा संवेदक बसवला, की यंत्र पडू लागल्याचे ओळखून, ते जमिनीवर आदळण्यापूर्वीच वाचणारे टोक बाजूला नेता येई. वर सांगितलेल्या त्या ०.३ सेकंदात एवढे काम उरकावे लागे. आता हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा एकही भाग नसल्यामुळे ही काळजीच संपली.

उत्तर ३ – कार्यालयीन संगणक खरेदी पाहणारी, ठाणे

‘लष्करी दर्जा’बद्दल सांगते, कारण निविदांमध्ये हा शब्द मला वारंवार तपासावा लागतो. हा उल्लेख अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मिल-एसटीडी-८१० या मानकाचा असतो. त्याची ‘जी’ आवृत्ती २००८ ची आणि ‘एच’ आवृत्ती २०१९ ची आहे. हे मानक म्हणजे चाचण्या कशा घ्याव्यात याची पद्धत आहे. संरक्षण खाते कोणत्याही लॅपटॉपला उत्तीर्ण झाल्याचा दाखला देत नाही. उष्णता, धूळ, कंप, आर्द्रता, आघात अशा अनेक चाचण्यांपैकी कोणत्या घ्यायच्या हे उत्पादक ठरवतो आणि चाचणी तो स्वतः घेतो किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेतो. त्यामुळे खोक्यावरच्या त्या ओळीवरून पडण्याची चाचणी झाली होती की नाही हेदेखील कळत नाही.

ज्या चाचणीत वस्तू खरोखर पाडली जाते, तिच्यात ‘जी’ आवृत्तीनुसार लहान वस्तू १२२ सेंटीमीटरवरून सहा पृष्ठभागांवर, बारा कडांवर आणि आठ कोपऱ्यांवर, म्हणजे एकूण २६ वेळा पाडतात. मात्र हे २६ आघात एकाच नगाने सोसले पाहिजेत असे बंधन नाही, ते पाच नगांत वाटता येतात. आणि खालचा पृष्ठभाग काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंच प्लायवूडचा असतो. आपल्याकडची फरशी त्याहून कठीण आहे. मी विक्रेत्याला नेहमी तीन गोष्टी लेखी विचारते : पाडण्याची चाचणी झाली का, किती उंचीवरून झाली, आणि यंत्र त्या वेळी चालू होते की बंद. ज्यांनी खरोखर चाचणी घेतलेली असते ते आकडे देतात. पडण्यासाठीच बांधलेली यंत्रे वेगळी असतात. पॅनासॉनिकची टफबुक मालिका १९९६ पासून आहे, पण तिच्यातली पूर्ण मजबूत यंत्रे जाड, जड आणि फार महाग असतात, त्यामुळे विद्यार्थिनीला मी ती सुचवणार नाही.

त्याऐवजी नवे यंत्र घेताना अपघाती नुकसानाचे संरक्षण जरूर घ्या. ते वॉरंटीहून वेगळे असते, बहुतेक ठिकाणी खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच मिळते आणि दर दाव्यामागे काही रक्कम आपल्याला भरावी लागते का, हे आधी वाचून घ्यावे लागते. मुलीच्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवण्याची सवयही आजच लावा. काही यंत्रांत साठवण मदरबोर्डवरच झाळलेली असते आणि तिचे कूटबद्धीकरण, म्हणजे माहितीला लावलेले सांकेतिक कुलूप, त्याच बोर्डाशी जोडलेले असते, त्यामुळे बोर्ड गेला की दुसऱ्या यंत्रात लावून माहिती काढण्याचा जुना मार्ग तिथे चालत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर – एक शिक्षिका, सातारा

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. झाकण हलवले तरी रेघा तशाच राहतात. लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवला, तर तो एका कोपऱ्यावर किंचित डुलतो. मुलगी म्हणते की टचपॅडही दोन दिवसांपासून घट्ट झाले आहे आणि दाबले तर पूर्वीसारखे खाली जात नाही. हे झाकणाच्या दुखण्याशी जोडलेले आहे का?

उत्तर – लॅपटॉप दुरुस्ती करणारा, पुणे

ताई, हे वाचल्याबरोबर लिहितो आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि आता पुन्हा लावू नका. तो डुलणे आणि टचपॅड घट्ट होणे ही दोन्ही लक्षणे एकत्र असली तर बॅटरी फुगली असल्याचा संशय घ्यावा लागतो. पातळ यंत्रांत लिथियम बॅटरीला कठीण कवच नसते, ती चपट्या पाकिटासारखी असते आणि बहुतेक वेळा टचपॅडच्या खाली किंवा लगतच बसवलेली असते. ती पडल्यामुळे फुगली की आधीपासूनच फुगत होती हे बाहेरून ओळखता येत नाही, पण दोन्ही बाबतीत करायचे तेच आहे. आत दोन थरांचा संपर्क झाला तर ती पेट घेऊ शकते. फुगवटा दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न घरात कोणालाही करू देऊ नका. यंत्र पलंगावर किंवा पुस्तकांजवळ न ठेवता उघड्या फरशीवर ठेवा आणि शक्य असेल तर उद्याच साताऱ्यातल्या एखाद्या जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. पडद्याचा निर्णय त्यानंतर घेता येईल. रेघा हलत नाहीत म्हणजे पडदाच गेला आहे असे मी धरतो. झाकण, बिजागरी आणि बॅटरी असा तिन्हींचा खर्च जोडून मगच नव्या यंत्राशी तुलना करा.

नवे घेतलेत तर जाडीपेक्षा दोन गोष्टी पाहा. बिजागरी धातूच्या सांगाड्याला बसवलेली आहे का, आणि पडदा सुटा मिळतो का. दुसरी गोष्ट काही उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत दिलेली असते. चार्जरची वायर चुंबकाने चिकटणारी असेल तर पाय अडकल्यावर ती सुटून पडते आणि यंत्र जागेवर राहते. पाठीवरची पिशवी घेताना लॅपटॉपचा कप्पा पिशवीच्या तळापासून दोन-तीन बोटे वर थांबतो का तेही हात घालून पाहा. पिशवी बाकावर टेकवताना किंवा एसटीतून उतरवताना रोज जो धक्का बसतो, तो त्या मोकळ्या जागेत जिरतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर – एक शिक्षिका, सातारा

आज सकाळी बॅटरी काढून घेतली. ती मधोमध फुगलेली होती आणि तिची एक कड दबलेली होती. तंत्रज्ञाने ती वेगळी ठेवून घेतली आहे आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देणार आहे. मुलीचा प्रकल्प एसएसडीतून दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला, सगळ्या फायली उघडतात. झाकणाच्या खर्चाचा आकडा उद्या मिळेल.