डॅशबोर्डच्या लाकडी पट्टीची चीर, फेवीक्विक आणि चपडा: ती पोस्ट वाचून घासायला बसू नका

उद्यमबागचा_रंगारी
आपल्या बेळगावच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. सार असं: "डॅशबोर्डच्या लाकडी पट्टीला चीर गेली, टवका उडाला तर १२० चा पॉलिश पेपर मारा, चिरेत फेवीक्विक सोडा, वर चपड्याचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे) दोन-तीन हात द्या. लाकूडच आहे, सुतार करतो तेच करायचं." खाली अंगठ्यांची रांग. वाचून संताप आला, कारण वाचू शकणारी पट्टी या सल्ल्यानं कायमची जाते.

आधी पट्टी कसली आहे ते बघा. इनोव्हासारख्या गाड्यांतलं "वूड फिनिश" हे छापील प्लॅस्टिक असतं. लाकडाचं चित्र आणि वर क्लिअर (पारदर्शक लॅकर), आत लाकूड नाहीच. जुन्या मर्सिडीज, जग्वारमध्ये खरं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ काप असतो, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाली ॲल्युमिनियम किंवा प्लाय, वर क्लिअरचा जाड थर. पट्टी उतरवली की कडेवरून कळतं. उतरवायची नसेल तर टॉर्च तिरका धरून फिरवा. खऱ्या व्हिनियरच्या रेषांची चमक कोनाबरोबर हलते, छापील चित्र तसंच्या तसं राहतं.

१२० चा पेपर क्लिअर फोडून व्हिनियरमध्ये शिरतो, कडेला तर दोन-चार हातांत खालचा धातू दिसतो. छापील पट्टीवर चित्रच निघून जातं. आणि चपडा ६५-७५ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत सहज जातो. मग बोटांचे ठसे उमटतात, धूळ रुतते. वर सॅनिटायझरचा हात लागला की संपलं, कारण अल्कोहोल म्हणजे चपड्याचं थिनरच.

आता करायचं काय ते. एअरबॅगच्या जवळची पट्टी असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. पट्टी हेअर ड्रायरनं कोमट करा, प्लॅस्टिकची पाती घालून एकेक क्लिप सोडवा. एका टोकाला धरून ओढायची नाही. ॲल्युमिनियमची पाठ वाकते, वरचा क्लिअर वाकत नाही, तडकतो. पुष्कळ चिरा या काढताना पडलेल्या असतात.

चीर पांढरी दिसत असेल तर क्लिअरखाली हवा शिरलीय. पातळ सुपरग्लू (फेवीक्विकच्याच जातीचा) सुईच्या टोकानं चिरेवर टेकवा, तो आपणहून आत ओढला जातो. हवा निघाली की पांढरी रेघ जाते. चीर काळपट असेल तर थांबा. पाणी लाकडापर्यंत गेलंय. वर ग्लू भरलात तर काळं आत कायमचं कोंडलं. तिथं क्लिअर उघडून ऑक्झॅलिक ॲसिडनं डाग काढावा लागतो, ते काम वेगळं.

टवक्यासाठी मध्यम घट्ट सुपरग्लू. आधी सुट्ट्या कडा ब्लेडनं खरवडून काढा, नाहीतर भरलेल्या जागेभोवती कडं दिसत राहतं. व्हिनियरही उडालं असेल तर रंग आधी उघड्या पडलेल्या तळावर, बारीक ब्रशनं, रेषांसकट. ग्लूमध्ये रंग कालवला की गढूळ ठिपका होतो. थेंब पातळ ठेवा, एक वाळला की दुसरा, शेवटी पातळीपेक्षा किंचित वर. लवकर सुकवायचा स्प्रे मारू नका, आत फेस होऊन पांढरं पडतं. सपाट करायला दाढीचं ब्लेड घ्या, दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळा, मधे ५-६ मिमी धार उघडी ठेवा आणि थेंबावरून ओढा. टेपच्या जाडीमुळं आजूबाजूचा क्लिअर वाचतो. मग खोडरबरावर गुंडाळलेला १०००, १५००, २००० चा वॉटर पेपर, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात. शेवटी रबिंग कंपाऊंड.

नव्या गाड्यांतल्या मॅट, रंध्रं उघडी ठेवलेल्या लाकडावर हे करू नका. तिथं चकाकणारा डाग उरतो.

सागवान_खानापूर
पेपरचं पटलं. पण चपड्याला एवढं झोडपायचं काही कारण नव्हतं. चपड्याचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पीयूला (पॉलियुरेथेन क्लिअरला) ते येत नाही, दुसरा हात धरायचा तर आधी घासून खरखरीत करावं लागतं. आणि टवक्याला लाखेची कांडी असते की. तापलेल्या सुरीनं भरायची, थंड झाली की कापून सपाट. रंगाच्या कांड्या मिळतात, ग्लूपेक्षा रंग चांगला जुळतो.
दुसरं म्हणजे ही ॲल्युमिनियमवरची सालपटं सांभाळत बसायचं कशाला? आमच्या खानापूर-लोंढ्याकडं जुन्या घरांचं सागवान मिळतंय. ८ मिमी पट्टी रंधून घ्या, क्लिपा मागं बसवा, विषय संपला.

उद्यमबागचा_रंगारी
आण्णा, भरीव सागवान डॅशबोर्डवर नकोच. धडकेत लाकूड रेषेच्या दिशेनं फाटतं, लांब टोकदार कपच्या सुटतात, त्याही तोंडासमोर. व्हिनियरच्या मागं ॲल्युमिनियम देतात त्याचं हेही एक कारण आहे. शिवाय भरीव लाकूड आडवं फुगतं आणि आकसतं. जुलैतल्या खानापूरच्या दमटपणात फुगलेली पट्टी एप्रिलमध्ये आकसली की क्लिपा खडखडतात नाहीतर मधे फाटते.
लाखेची कांडी दाराच्या पट्टीला चालेल. तिथं ऊन तिरकं येतं. काचेखाली नाही.

टिळकवाडी_रॅप
एवढा खटाटोप बघून वाटतं, तुम्हा दोघांना पट्टी दुरुस्त करायची नाही, पट्टीची पूजा करायची आहे. छापील प्लॅस्टिक असेल तर सरळ व्हिनाइल रॅप करा. पट्टी उतरवायची, टवका पुट्टीनं भरायचा, ४०० नं एकसारखं करायचं, फिल्म चढवायची. कड मागं १० मिमी तरी वळवायची आणि हीट गननं शेवटचा ताव द्यायचा, नाहीतर उन्हात ताणलेली फिल्म मागं ओढली जाते. आवडलं नाही तर फिल्म निघते.

उद्यमबागचा_रंगारी
छापील प्लॅस्टिकला रॅप, मान्य. त्यात माझं काही जात नाही. खऱ्या व्हिनियरवर मात्र पुट्टी आणि ४०० चा पेपर म्हणजे वाटोळं. "फिल्म निघते" म्हणता, पण तुटलेल्या क्लिअरवरची फिल्म ओढताना सुट्या कपच्या घेऊनच निघते.

निपाणी_डेंटर
तुम्ही चपडा, रॅप, सागवान बोलूलालाय आणि मूळ रोग कुणी बोलेना. सिलिकॉन! वॉशिंग सेंटरवाले गाडी धुतली की डॅशबोर्डला, दाराला, दिसेल तिथं ते चकचकीत पाणी फासतात. गिऱ्हाईक खूश. मग ती पट्टी रंगायला आमच्याकडं आली की क्लिअर मारल्या मारल्या डोळे पडतात. गोल खड्डे, मधे कोरडं. लोक म्हणतात पेंटरला काम येत नाही. सिलिकॉननं त्या जागेचा पृष्ठताण कमी होतो, रंग तिथून मागं सरकतो, त्याला पेंटर काय करणार? हे बंद केल्याशिवाय दुरुस्तीच्या गप्पा मारू नका.

टिळकवाडी_रॅप
सिलिकॉन काढता येत नाही का? थिनरनं पुसलं की झालं.

निपाणी_डेंटर
नाही होत! थिनरच्या एकाच फडक्यानं पुसलं तर सिलिकॉन पसरतं. दोन फडकी पाहिजेत. एक ग्रीस रिमूव्हरनं ओलं, दुसरं कोरडं. ओल्यानं पुसून ते उडायच्या आत कोरड्यानं टिपायचं. फडकी दर वेळी नवी, घडी उलटून तीच वापरायची नाहीत. आणि हे सगळं पेपर मारायच्या आधी. आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत रुतून बसतं. छापील पट्टीवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर तर लावूच नका, प्लॅस्टिक विरघळतं.

कॅम्पातला_स्प्रे
डोळे पडले तर क्लिअरमध्ये फिश-आयचे थेंब टाकायचे, लगेच बसतंय. त्यासाठी एवढं भाषण कशाला?

निपाणी_डेंटर
त्या बाटलीत काय असतं ठाऊक आहे का? सिलिकॉनच! एका हाताला टाकलं की पुढच्या प्रत्येक हाताला तेवढंच टाकावं लागतं. गन, कप, पाइप सगळं बाटतं, आणि दुसऱ्या दिवशी ज्या गाडीला सिलिकॉन कधी लागलंच नव्हतं तिच्या बॉनेटवर डोळे पडतात. असल्या सल्ल्यांनी धंदा बदनाम होतो.

कॅम्पातला_स्प्रे
वेगळी गन ठेवायची त्यासाठी. सगळ्यांना बूथ आणि नवी फडकी परवडत नाहीत. काम अडलं की तोडगा काढावा लागतो. गोणीभर नियम सांगून गिऱ्हाइकाची पट्टी होत नाही.

निपाणी_डेंटर
फडकी परवडत नाहीत आणि वेगळी गन परवडते? जुन्या सुती धोतराचे तुकडे करा, फक्त धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्यातही सिलिकॉन असू शकतं.

सागवान_खानापूर
आता माझं ऐका. सिलिकॉनवर तुम्हा पेंटर लोकांकडं फडकी सोडून इलाज नाही, आमच्याकडं आहे. चपडा. जुन्या फर्निचरला वर्षानुवर्षं चकाकीची पॉलिशं फासलेली असतात, त्यावर लॅकर धरत नाही. तिथं पातळ चपड्याचा एक हात मारून सिलिकॉन खाली कोंडतात आणि वर लॅकर देतात. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा डोळे न पडता बसतो. ज्याला सकाळपासून नावं ठेवलीत त्याच्याशिवाय अडलंय की नाही?

निपाणी_डेंटर
हे खरं आहे. खरं व्हिनियर उघडं पडलं असेल तर चालतं.

उद्यमबागचा_रंगारी
मधला थर म्हणून मान्य करतो, वरचा थर म्हणून अजूनही नाही. आणि मान्य करताना दोन अटी. बाजारातल्या साध्या चपड्यात मेण असतं, मेणावर पीयू धरत नाही, पापुद्रा सुटतो. मेण काढलेलाच चपडा पाहिजे. दुसरं, जाड हात नाही. जाड झाला की उन्हात खालून मऊ पडणार आणि वरचा कडक पीयू सुरकुतणार.

सागवान_खानापूर
मेण काढायला शोरूम लागत नाही. १०० मिलि स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडा घाला, काचेच्या बाटलीत, लोखंडी डबा नको, काळा पडतो. विरघळला की न हलवता ठेवून द्या. मेण तळाला बसतं, वरचं निवळ सोनेरी पाणी अलगद ओतून घ्या. तेवढंच वापरायचं. आणि ताजं, फार जुनं झालेलं वाळतच नाही, चिकट राहतं.

चिकोडीकर_वाचक
सगळं टिपून घेतलं. माझ्या जुन्या मर्सिडीजच्या गिअरजवळच्या पट्टीला दोन पांढऱ्या चिरा आहेत, काळं काही नाही. या पावसात केलं तर चालेल?

उद्यमबागचा_रंगारी
चिरा भरणं चालेल. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानंच सुकतो, पावसाळ्यात उलट लवकर. फक्त त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरी राख बसते, म्हणून पंखा लांबून लावून ठेवा आणि थेंब लहान. बसलीच तर कंपाऊंडनं निघते.
वरून क्लिअर मारायचा असेल तर दिवाळीनंतर. दमट हवेत एनसी लॅकर मारला की थिनर उडताना जागा गार होते, दव धरतं आणि थर दुधाळ पडतो. पीयूचं हार्डनर ओलावा ओढतं आणि बारीक बुडबुडे येतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, तोंडाला रुमाल बांधून मारायचं काम नाही. मारायच्या आधी पट्टी घरात आठवडाभर सुकू द्या.

सागवान_खानापूर
आणि गिअरजवळ ऊन लागत नाही. तिथं माझी कांडीही चालते.

उद्यमबागचा_रंगारी
पांढऱ्या चिरेत कांडी शिरणार कुठून, आण्णा? ती टवक्याला. चिरेला पातळ ग्लूच. चिकोडीकर, सुई दाबू नका, नुसती टेकवा. आणि आधी त्या दोन फडक्यांनी पुसून घ्या.