मदत हवी आहे: परसातल्या ४० कोंबड्यांना ग्रामपंचायतीची परवानगी लागते का?

रत्नागिरी जिल्ह्यात, गावठाणातल्या घराच्या परसात मांसासाठी वनराजा जातीच्या ४० कोंबड्या पाळल्या आहेत. वय दहा आठवडे. लासोटा (राणीखेत रोगाची) आणि गंबोरो रोगाची, दोन्ही लसी झाल्यात, मर नाही. शेजाऱ्यांचं घर खुराड्यापासून साधारण ३० फुटांवर आहे. पाऊस सुरू झाल्यापासून त्यांना वासाचा त्रास होतोय आणि तो खरा आहे, ते मी नाकारत नाही. खाली भाताचं तूस अंथरतो, एक दिवसाआड उलथून चुना मारतो, ओलं झालेलं लगेच काढतो. वास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही.

आता ग्रामपंचायतीतून तोंडी निरोप आलाय, 'परवानगी नाही, कोंबड्या हलवा.' लेखी नोटीस नाही. ग्रामसेवकांना नियम विचारला तर ठराव दाखवला नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हणाले, एवढ्या पक्ष्यांना आमच्याकडून काही लागत नाही. जागा स्वतःची, नावावर आहे. मात्र खुराडं हलवायला दुसरी जागा नाही. विक्री जिवंतच, गावातच. कापून विकत नाही.

घरगुती ४० पक्ष्यांसाठी ग्रामपंचायतीची परवानगी किंवा घरापासून ठरावीक अंतर बंधनकारक आहे का, आणि असेल तर ते नेमकं कोणत्या लेखी नियमात सापडेल?