जँगो ओआरएम आणि ओरॅकल: एसक्यूएलमध्ये ओळ दिसते, ओआरएमला सापडत नाही, आणि हातकणंगले, गडहिंग्लजच का अडतात?

चिटबॉय_२.०

रामराम मंडळी. ऑफिसच्या मशीनवरून कोड बाहेर नेता येत नाही आणि हे मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळं कोड तोंडी सांगितल्यासारखा सांगतो. सांभाळून घ्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं काम आहे (नाव नको). ऊसनोंद, तोडणी, वजनकाटा, पंधरवड्याचं बिल, सगळं वर्षानुवर्षं ओरॅकल फॉर्म्सवर चाललंय. मध्यंतरी डेटाबेस ११जी वरून १९सी वर आणला, कॅरेक्टर सेट एएल३२यूटीएफ८ (म्हणजे यूटीएफ-८) केला, पण टेबलं जशीच्या तशी. आता चिटबॉयला (कारखान्याचा शेतावरचा माणूस) शेतावरूनच मोबाइलवर ऊसनोंद करता यावी म्हणून आम्ही जँगो ४.२ (पायथनची वेब-चौकट) मध्ये वेब ॲप लिहितोय. फॉर्म्स बंद होणार नाहीत. दोन्ही त्याच टेबलांवर नांदायचे. इन्स्पेक्टडीबीनं आहे त्या टेबलांवरून मॉडेलं काढली, मॅनेज्ड फॉल्स ठेवलं, म्हणजे जँगो ती टेबलं बनवणार-बदलणार नाही. माझ्या लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर (छोटा, हलका डेटाबेस) सगळ्या टेस्ट हिरव्यागार. खऱ्या डेटाबेसला जोडलं आणि दोन भुतं उठली.

पहिलं भूत. गट टेबलात 'के१२' कोडाची ओळ आहे. ओआरएमकडं (पायथन कोडावरून एसक्यूएल बनवणारा जँगोचा भाग) गेट करून मागितली तर म्हणतो 'डझ नॉट एक्झिस्ट'. त्यानं बनवलेली क्वेरी लॉगमधून उचलली, के१२ हातानं अवतरणात टाकलं, एसक्यूएल डेव्हलपरमध्ये चालवली तर ओळ समोर हजर! तीच क्वेरी, तोच युजर, तोच डेटाबेस. स्टार्टस्विथ ('यानं सुरू होणारं') लावलं तर ओआरएमलाही सापडते. सध्या सगळीकडं स्टार्टस्विथ लावून वेळ मारून नेलीय, पण के१ मागितला की के१०, के११, के१२ अशी वरातच येते.

दुसरं भूत. तालुक्याचा रकाना. आजवर इंग्रजीत भरत होते, आता मराठीत भरायचाय. जिल्ह्याचे बाराही तालुके टाकून बघितले. दहा गेले. हातकणंगले आणि गडहिंग्लजला ओरा-१२८९९, 'व्हॅल्यू टू लार्ज', खरी २७, कमाल २५. अहो, हातकणंगलेत मोजून ९ अक्षरं आहेत, काना-मात्रा-अनुस्वार सगळं धरून! मॉडेलात कमाल लांबी २५ आहे, जँगोचं व्हॅलिडेशनही पास होतं. राधानगरी मुकाट्यानं जाते. साहेब म्हणतात तालुक्याचं नाव इंग्रजीतच ठेवा, पण मग हा खटाटोप कशाला केला?

गळीत हंगाम दाराशी आलाय. कुणी या वाटेनं गेलंय का?

रोखठोक

म्हणून सांगतो, ओआरएमच्या नादी लागू नका. जुना ओरॅकल असेल तर सरळ एसक्यूएल लिहा आणि मोकळे व्हा.

जुनं_खोड

रोखठोक, सरळ एसक्यूएल लिहिलं तरी पॅरामीटर बाइंड करणारच ना, म्हणजे मूल्य क्वेरीत न लिहिता वेगळं पाठवणारच ना? मग पहिलं भूत तिथंही उठणार. त्यात ओआरएमचा दोष नाही.

चिटबॉय, आधी हे सांगा, गट कोडाचा रकाना कॅर (ठरावीक लांबीचा) आहे की व्हारकॅर२ (लागेल तेवढ्या लांबीचा)? मी पैज लावतो, कॅर(६) आहे. त्या काळी कोडाला सगळे कॅरच द्यायचे, मीही दिलेत.

कॅरमध्ये 'के१२' ठेवलं की ओरॅकल पुढं स्पेस भरून सहा पुरे करतो. तुलना करताना त्याचे दोन कायदे आहेत. दोन्ही बाजू कॅर किंवा अवतरणातला मजकूर असतील, तर आखूड बाजूला स्पेस जोडून तुलना, म्हणजे जुळतं. एक जरी बाजू व्हारकॅर२ असली तर स्पेससकट तुलना, म्हणजे जुळत नाही. तुम्ही एसक्यूएल डेव्हलपरमध्ये अवतरणात लिहिलंत, पहिला कायदा लागला. जँगो ड्रायव्हरमार्फत मूल्य बाइंड करून पाठवतो, ते व्हारकॅर२ म्हणून पोचतं, दुसरा कायदा लागतो. क्वेरी दिसायला तीच असली तरी ओरॅकलच्या लेखी वेगळी. स्टार्टस्विथ म्हणजे एसक्यूएलचा लाइक, शेवटी टक्का (पुढं काहीही चालेल) आहे म्हणून स्पेस त्यात खपून जातात.

रकान्याला आरट्रिम (उजवीकडच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावायचा मोह होईल. लावू नका. रकान्याला फंक्शन गुंडाळलं की त्यावरचा साधा इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) गेला.

तालुक्याचं सोपं आहे. तो व्हारकॅर२(२५) म्हणजे २५ अक्षरं नव्हे, २५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. राधानगरी ८ चिन्हं, २४ बाइट, एका बाइटानं वाचली. शाहूवाडी आणि गगनबावडाही २४. हातकणंगले आणि गडहिंग्लज ९ चिन्हं, २७. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. यूजर_टॅब_कॉलम्समध्ये कॅर_यूज्ड हा रकाना बघा, 'बी' असेल तर बाइट, 'सी' असेल तर अक्षरं. तुमच्याकडं रांगेनं बी दिसतील.

उपाय: ऑल्टर टेबल, मॉडिफाय, व्हारकॅर२(२५ कॅर). आधीचा डेटा हलत नाही. एनएलएस_लेंथ_सिमँटिक्स बदलून भागेल असं कुणी सांगेल, पण ते फक्त पुढं बनणाऱ्या रकान्यांना लागू होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं: ऑल्टर करण्याआधी फॉर्म्सच्या मागच्या प्रोसिजर चाळा. ज्यांत व्हेरिएबल टक्का-टाइपनं (म्हणजे रकान्याचाच प्रकार उचलून) घेतलंय त्या सुखी. जिथं कुणी हातानं व्हारकॅर२(२५) लिहिलंय, तिथं तेच हातकणंगले बिल काढताना ओरा-०६५०२ (व्हेरिएबलात मूल्य मावत नाही) देईल, तेही पंधरवड्याच्या शेवटी रात्री अकराला.

स्नेहल_जावावाली

खोडकाकांनी निदान बरोबर केलंय, मी फक्त इलाज कुठं करायचा ते सांगते. आमच्याकडं हायबरनेटवर (जावाचा ओआरएम) हेच झालं होतं. आम्ही प्रत्येक क्वेरीच्या जागी स्पेस जोडत बसलो आणि सहा महिन्यांनी कुठं जोडल्यात, कुठं नाहीत हेच कळेना. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जँगोत कॅरफील्डवरून स्वतःचं एक फील्ड बनवा. त्यात तीन गोष्टी. गेट_प्रेप_व्हॅल्यूमध्ये मूल्याला उजवीकडं स्पेस लावून लांबी पुरी करा. फ्रॉम_डीबी_व्हॅल्यूमध्ये उजवीकडच्या स्पेस काढा. आणि डीबी_टाइपमध्ये साफ कॅर(६) सांगा. गेट, फिल्टर, इन हे सगळे गेट_प्रेप_व्हॅल्यूमधून जातात. स्टार्टस्विथसारखे लुकअप त्यातून जात नाहीत, म्हणजे ते बिघडणार नाहीत.

डीबी_टाइप मॅनेज्ड फॉल्सला निरुपयोगी वाटेल, पण तुमचं एखादं नवं टेबल या गटाला फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा रकाना) लावेल तेव्हा जँगो त्याचा प्रकार गटाच्या फील्डकडूनच घेतो. साध्या कॅरफील्डला ओरॅकलवर तो एनव्हारकॅर२ (व्हारकॅर२चा युनिकोड भाऊ) बनवतो, आणि कॅरला एनव्हारकॅर२ची फॉरेन की जोडायला गेलात की ओरा-०२२६७, प्रकार जुळत नाहीत.

एक खड्डा आहे, मी पडलेय त्यात. रिकाम्या मजकुराला स्पेस लावू नका. ओरॅकलला रिकामा मजकूर म्हणजेच नल, मूल्यच नाही. जँगोला हे ठाऊक आहे, रिकाम्याशी तुलना केली की तो गुपचूप 'इज नल' करतो आणि वाचताना नलचा रिकामा मजकूर करून देतो. तुम्ही आधीच सहा स्पेस लावून दिल्यात तर त्याला ते ओळखू येणार नाही.

तालुक्याचा ऑल्टर होईपर्यंत फील्डला एक व्हॅलिडेटर लावा, यूटीएफ-८ करून बाइट मोजणारा. निदान चिटबॉयला ओरा नंबरऐवजी मराठीत निरोप दिसेल.

आणि एसक्यूलाइटवरच्या टेस्ट... त्या हिरव्याच राहणार हो. तिला स्पेसही भरायच्या नसतात आणि लांबीही तपासायची नसते.

चिटबॉय_२.०

खोडकाका, पैज जिंकलात. कॅर(६). स्नेहलताई, फील्ड बनवलं, सोळा ठिकाणचे स्टार्टस्विथ उपटून टाकले, के१ मागितला की के१च येतो. कॅर_यूज्ड बघितलं तर खरंच रांगेनं बी. प्रोसिजर चाळल्या, हातानं २५ लिहिलेल्या चार सापडल्या, त्यातली एक बिलाचीच होती. दुरुस्त करून ऑल्टर केलं. हातकणंगले आत. एसक्यूलाइटला रामराम ठोकला, टेस्टला वेगळा ओरॅकल स्कीमा मागून घेतला.

एक गंमत सापडली. गट कोड बऱ्याच टेबलांत कॅर(६) आहे, पण खेपांच्या (उसाच्या गाड्यांच्या) टेबलात व्हारकॅर२(६). तिथं जॉइन शून्य ओळी देतो. आता कारण कळतंय. फॉर्म्सवाल्यांनी तिथं आरपॅड (उजवीकडं स्पेस भरणारं फंक्शन) लावून ठेवलंय, त्याला मी आजवर हसत होतो.

आता नवीन दुखणं, त्याच खेपांच्या टेबलातलं. काट्यावर गाडी चढल्याची वेळ डेट प्रकाराच्या रकान्यात आहे. ओरॅकलच्या डेटमध्ये तारखेबरोबर तास-मिनिट-सेकंदही असतात, पण इन्स्पेक्टडीबीनं त्याला डेटफील्ड केलं, म्हणजे वेळ गायब. मी ते डेटटाइमफील्ड केलं. वेळ आली, पण पहाटे ४ ची खेप सकाळी ९:३० ला दिसायला लागली. वर आणखी, एका दिवसाच्या खेपा काढायची क्वेरी आधी चुटकीसरशी यायची, आता चहा पिऊन यावं लागतं. तीसेक लाख ओळी आहेत, रकान्यावर इंडेक्स आहे. प्लॅनमध्ये (ओरॅकल क्वेरी कशी चालवणार त्याचा आराखडा) 'टेबल ॲक्सेस फुल', म्हणजे पूर्ण टेबल वाचणं, आणि रकान्याभोवती 'इंटर्नल_फंक्शन' असं कायतरी दिसतंय. ते मी लिहिलेलं नाही!

जुनं_खोड

तुम्ही नाही, ओरॅकलनं लिहिलंय. जँगो डेटटाइमफील्डचं मूल्य टाइमस्टॅम्प म्हणून बाइंड करतो. डेट आणि टाइमस्टॅम्प समोरासमोर आले की ओरॅकल डेटला वर चढवतो, म्हणजे तुमच्या रकान्याच्या तीस लाख ओळी एकेक करून टाइमस्टॅम्प करतो. तेच ते इंटर्नल_फंक्शन. आरट्रिमचं जे सांगितलं तेच, फक्त या वेळी गुंडाळी त्यानं घातली. मूल्य डेट म्हणून पाठवा, इंडेक्स परत येईल.

साडेपाच तासांचं जँगोवाले सांगतील.

स्नेहल_जावावाली

साडेपाच तास म्हणजे जँगो समजतोय की डेटाबेसात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आहे. तुमच्याकडं फॉर्म्सनं घड्याळाची वेळ लिहिलीय. यूएसई_टीझेड (जँगोची टाइमझोन सांभाळायची सेटिंग) बंद करू नका. सेटिंगमध्ये डेटाबेसच्या नोंदीतच टाइम_झोन देता येतो, तिथं एशिया/कोलकाता लिहा. ही सोय अशा परक्या डेटाबेससाठीच आहे. जँगोची स्वतःची टेबलं त्याच जोडणीवर असतील तर त्यांतही मग भारतीय वेळ पडेल, आणि आधी पडलेल्या यूटीसी वेळा तेवढ्या हुकतील. घड्याळ पुढं-मागं करण्याची भानगड आपल्याकडं नाही, त्यामुळं त्यानंतर त्रास नाही.

बाइंडचा प्रकार जावात ड्रायव्हरला सांगता येतो. जँगोत कुठं सांगायचं ते मला माहीत नाही, बॅकएंडचा सोर्स वाचा. फार मोठा नाही तो.

चिटबॉय_२.०

वाचला. रविवार गेला, पण सापडलं. ओरॅकल बॅकएंडच्या यूटिल्समध्ये ओरॅकल_डेटटाइम नावाचा चिमुकला वर्ग आहे, पायथनच्या डेटटाइमवरच बेतलेला, आणि त्यावर इनपुट_साइझ म्हणून टाइमस्टॅम्पचा शिक्का मारलाय. पॅरामीटर बाइंड करताना बॅकएंड तो शिक्का बघतो. मी त्याच्यावरून दुसरा वर्ग काढला, शिक्का डेटचा केला, आणि माझ्या फील्डच्या गेट_डीबी_प्रेप_व्हॅल्यूमधून तो परत दिला. सातआठ ओळींचं काम. इंटर्नल_फंक्शन गायब, इंडेक्स रेंज स्कॅन परत, चहा बंद. शिक्का हा जँगोचा आतला मामला आहे हे कळतंय, म्हणून प्लॅनमध्ये इंडेक्स दिसतो का तेवढंच तपासणारी एक टेस्ट लिहून ठेवली. पुढच्या आवृत्तीत मोडलं तर तीच बोंब मारेल.

टाइम_झोनही लागला. जँगोची टेबलं त्याच जोडणीवर आहेत, पण अजून त्यात टेस्टचीच लॉगिन होती, पुसून टाकली. पहाटेची खेप पहाटेच.

जाता जाता एक. सभासद टेबलात 'चालू' म्हणून कॅर(१) रकाना आहे. त्याला बुलियन करायला तिसरं फील्ड लिहितोय. वाय आणि एन कळलं, पण बऱ्याच जुन्या ओळींत 'एच' आहे. हे काय असेल? ऑफिसात कुणालाच सांगता येईना.

जुनं_खोड

एच म्हणजे 'हो'. एन 'नाही'लाही चालतो, म्हणून तो बदलला नाही. वाय नंतर कुणीतरी आणला. वाचताना एच आणि वाय दोन्ही खरे धरा, लिहिताना वाय लिहा, आणि फिल्टरमध्ये नुसतं वाय शोधू नका, नाहीतर जुने सभासद मतदार यादीतून गळतील.