अपलिंक 40 टक्के भरलीय तरी ड्रॉप, एसफ्लोने काही कळेल का?

लीफ_नवखा:
आमच्याकडे लीफ-स्पाइन आहे (लीफ म्हणजे सर्व्हर जोडलेले स्विच, स्पाइन म्हणजे लीफना एकमेकांशी जोडणारे), प्रत्येक लीफवरून स्पाइनकडे 100 जीबीचे (म्हणजे सेकंदाला 100 गिगाबिट) चार अपलिंक. एसएनएमपीचा (स्विचचे काउंटर वाचायची जुनी पद्धत) पाच मिनिटांचा ग्राफ कधी 40 टक्क्यांच्या वर जात नाही, पण स्टोरेजवाले म्हणतात रीट्रान्समिट (हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवणं) वाढलेत आणि एका अपलिंकवर आउटपुट ड्रॉप (बाहेर जायच्या आधीच टाकून दिलेली पॅकेट) वाढताना मलाही दिसतायत. पोर्ट मिरर केला (सगळ्या पॅकेटची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवली) तर मिररचाच पोर्ट भरून जातो, मग त्या कॅप्चरवर भरवसा काय ठेवणार. स्विचमध्ये एसफ्लो (ठरावीक पॅकेटमागे एकाचं सॅम्पल पाठवणारी सोय) आहे, नेटफ्लो (प्रत्येक फ्लोचा हिशेब ठेवणारी) नाही. पण हजारो पॅकेटमधलं एखादंच बघून काय डोंबल कळणार?

पॅकेट_पारखी:
कोण किती खातंय हे चांगलं कळतं रे. एकूण पॅकेट किती गेली यावर चूक ठरत नाही, त्या फ्लोची (दोन मशीनमधल्या एका कनेक्शनच्या ट्रॅफिकची) सॅम्पल हाती किती आली यावर ठरते. 100 सॅम्पल असतील तर साधारण 20 टक्के इकडेतिकडे, 10,000 असतील तर 2 टक्के. म्हणजे मोठे फ्लो झकास दिसतात, बारीकसारीक सुटतात, आणि तुला मोठेच पकडायचेत ना. सॅम्पलिंगचा रेट 100 पॅकेटला 1 वगैरे ठेवू नकोस, स्विचचा सीपीयू आधीच गरीब असतो, तो सॅम्पलच टाकून द्यायला लागतो आणि मग आकडे गंडतात. आणि सगळीकडे फक्त इनग्रेस (आत येणाऱ्या ट्रॅफिकवर) लाव, शिवाय बेरीज करताना लीफ आणि स्पाइन दोन्हीकडची सॅम्पल एकत्र करू नकोस, नाहीतर तोच ट्रॅफिक डबल मोजला जाईल.

रॅक_नंबर_सात:
व्हीएक्सलॅन (मूळ पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या आवरणात गुंडाळून पाठवणं) असेल तर स्पाइनवर नुसते व्हीटेपचे (ते आवरण चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोकांचे) आयपी दिसतील आणि पोर्ट 4789, बाकी शून्य. घाबरू नको, एसफ्लो सहसा पॅकेटचे पहिले 128 बाइट पाठवतो आणि बाहेरचं सगळं आवरण 50 बाइटचं, त्यामुळे आतला आयपी आणि टीसीपी हेडर त्यात येतोच. कलेक्टरला (सॅम्पल गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो उलगडता यायला हवा एवढंच.

लीफ_नवखा:
लावलं. त्या एकाच अपलिंकवर बॅकअपचा एक भलामोठा फ्लो बसलाय, बाकीचे तीन अपलिंक निवांत. म्हणजे ईसीएमपीच्या (फ्लो समान मार्गांत वाटून देणारी पद्धत) हॅशने, म्हणजे पत्ते-पोर्ट बघून मार्ग ठरवणाऱ्या गणिताने, त्याला तिथेच चिकटवलाय. पण तो धरूनसुद्धा लिंक 40 टक्केच आहे, मग ड्रॉप का?

बफर_बघा:
कारण ते 40 टक्के म्हणजे पाच मिनिटांची सरासरी. दोन 100 जीबीच्या पोर्टांवरून एकाच 100 जीबीच्या पोर्टकडे पूर्ण वेगाने ट्रॅफिक आला तर दर मिलिसेकंदाला 12.5 एमबी (मेगाबाइट) साचतात, आणि कितीतरी स्विचमध्ये अख्खा बफरच (पॅकेट थांबवून ठेवायची मेमरी) काही दहा एमबीचा, तोही सगळ्या पोर्टांत वाटलेला. दोनतीन मिलिसेकंदात खेळ खलास. तेवढ्या वेळात 1500 बाइटची पॅकेट मिलिसेकंदाला आठेक हजारच जातात, तुझा रेट 50,000 ला 1 असेल तर त्यातलं एकही सॅम्पल बहुतेक सापडणार नाही. एसफ्लोने कोण ते दाखवलं, कधी ते त्याला विचारू नकोस. क्यूचा (पोर्टवर थांबलेल्या पॅकेटच्या रांगेचा) वॉटरमार्क, म्हणजे रांग जास्तीत जास्त किती भरली तो आकडा, आणि क्यूनिहाय ड्रॉप काउंटर स्ट्रीमिंग टेलिमेट्रीने (स्विच स्वतःच आकडे सतत पाठवतो ती सोय) दर सेकंदाला मिळव, वॉटरमार्क मधला उंचवटा धरून ठेवतो म्हणून सेकंदसुद्धा पुरतो. स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉप झालेल्या पॅकेटचा हेडर एसफ्लोतून पाठवायची सोय असेल तर तीही चालू कर, नक्की कोणाची पॅकेट मरतायत ते सरळ दिसेल. आणि तोपर्यंत बॅकअपवाल्यांना सांग, एका कनेक्शनऐवजी आठदहा उघडा, हॅश बऱ्यापैकी पसरेल.