उद्या छपाई आहे, फाइल लॅपटॉपवर नीट उघडत नाही. मदत हवी

कळवेकर_सुधा
मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं काम दोन महिने घरी करतेय. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसात आले, लॅपटॉपवर उघडली तर फोटो धूसर, कोपऱ्यात लाल प्रश्नचिन्ह आणि निम्मा मजकूर गुलाबी. उद्या सकाळी तुर्भ्याला छापखान्यात द्यायची आहे. लवकर सांगा!

नौपाडा७२
सॉफ्टवेअर कुठलं? पेनड्राइव्हवर एकच फाइल घेतलीत की अख्खा फोल्डर?

कळवेकर_सुधा
इनडिझाइन, अजून काय असणार. फाइल घेतली म्हणजे फाइलच घेतली.

रेषामात्र
कोरलमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-क्यू. अक्षरांचे कर्व्हज, म्हणजे नुसत्या आकृत्या, झाल्या की फॉन्टची कटकट संपली. पंधरा वर्षं लग्नपत्रिका अशाच देतोय.

नौपाडा७२
अहो, त्या इनडिझाइन म्हणतायत. आणि कर्व्हज केल्यावर एक वेलांटी चुकली तर सुधारणार कशी? पत्रिकेला चालतं, स्मरणिकेला नाही.

सुधाताई, इनडिझाइनमध्ये फोटो सहसा फाइलच्या आत नसतात, आत असतो फक्त पत्ता आणि हलकी झलक. गुलाबी मजकूर म्हणजे त्याचा फॉन्ट लॅपटॉपवर नाही. घरच्या कॉम्प्युटरवर फाइल मेनूतून ‘पॅकेज’ करा. फोटो ‘लिंक्स’ फोल्डरमध्ये आणि फॉन्ट ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’मध्ये गोळा होतात. तो अख्खा फोल्डर आणा. फॉन्टचा फोल्डर फाइलशेजारीच राहू द्या, वेगळे इन्स्टॉल करावे लागत नाहीत. लॅपटॉपवर जुनी आवृत्ती असेल तर पॅकेज करतानाच आयडीएमएल, म्हणजे जुन्या आवृत्तीत उघडणारी प्रतही मागा.

ऐरोली_एक्सप्रेस
एवढं कशाला? आहे त्याचीच पीडीएफ काढा आणि द्या.

नौपाडा७२
कृपा करून असं सांगू नका! लिंक तुटलेली असताना काढलेल्या पीडीएफमध्ये ती झलकच जाते. एका संस्थेच्या अहवालात आमचे सगळे फोटो असेच फुटले होते, कागद वाया गेला.

देवनागरीप्रेमी
जुने फॉन्ट सोडा, युनिकोडवर या. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट मोफत आहे आणि दिसतोही सुरेख.

कळवेकर_सुधा
मुक्ताच आहे हो! पण आता इथे संपादकीयाचा नवा परिच्छेद पेस्ट केला तर ‘स्मरणिका’मधली वेलांटी ‘ण’च्या पुढे पडतेय. जुना मजकूर बरोबर आहे.

देवनागरीप्रेमी
मग तो फॉन्टचा दोष नाही, ओळीत अक्षरं बसवणाऱ्या कंपोझरचा आहे. पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनच्या पानावर ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. जुन्या परिच्छेदांची स्टाइल लावलीत तरी काम होईल.

खारीगाव_क्रिएटिव्ह
मथळ्यांना अडोबी फॉन्ट्स या ऑनलाइन सेवेतले टाइप असतील तर ते पॅकेजमध्ये येत नाहीत. लॅपटॉपवर आपल्या खात्याने लॉगिन करून सुरू करावे लागतात.

ऐरोली_एक्सप्रेस
सीपीयूच उचलून न्या ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने. तुर्भे त्याच मार्गावर आहे.

कळवेकर_सुधा
वेलांटी जागेवर आली, देवनागरीप्रेमी, जीव भांड्यात पडला. घरी भावाला फोनवर सांगून पॅकेज करायला लावलं. पण तिथेही तीन फोटो ‘मिसिंग’ दाखवतंय. पत्त्याच्या सुरुवातीला ई ड्राइव्ह आहे.

नौपाडा७२
ते फोटो कॉपी न करता थेट कुणाच्या पेनड्राइव्हवरून लावले होते का?

कळवेकर_सुधा
हो! पहिल्या वर्षाच्या कार्यकारिणीचे, मंडळाच्या काकूंनी दिलेल्या पेनड्राइव्हवरून. तो त्यांना परत केला. त्या राबोडीला राहतात, नऊच्या आत पोचते. भावाने पॅकेज थांबवलंय, ते फोटो कॉम्प्युटरवर घेऊन, लिंक पुन्हा जोडूनच करू.