देवावर भार टाकून पुन्हा जोडीदार शोधताना : आपापले अनुभव

सांजवात
गेल्या आठवड्यात आईला घेऊन पंढरपूरला गेले होते. विठ्ठलाचे दर्शन आटोपून आम्ही रुक्मिणीमातेच्या रांगेत सरकत असताना पुढच्या एका आजींनी नातीला सांगितले, "ती रुसून दिंडीरवनात आली, तो तिला शोधत मागून आला. आला खरा, पण दोघांचे गाभारे अजून वेगळेच आहेत बघ." नात हसली. मला मात्र आठ वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

परस्परसंमतीने घटस्फोट होऊन तेव्हा वर्ष झाले होते. वडिलांनी वधूवर सूचक मंडळात पुन्हा नाव घालायचे ठरवले आणि मी नवा बायोडेटा करायला बसले. जुन्याच फाइलमध्ये वय, नोकरी, पगार बदलायचे होते आणि 'अविवाहित'च्या जागी 'घटस्फोटित' लिहायचे होते. तेवढे मी न थांबता केले. अडले ते सर्वांत वरच्या ओळीवर. तिथे 'श्री गणेश प्रसन्न' असे लिहिलेले होते आणि शेजारी लाल रंगाचा छोटा गणपती होता. पहिल्या खेपेला प्रसन्न होऊन ज्याने एवढे करून ठेवले, त्याला पुन्हा बोलवायचे कशाला, असे म्हणून मी ती ओळ पुसली आणि दहा प्रती छापून वडिलांच्या हाती दिल्या. त्यांनी चष्मा लावून वाचले, पण एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी पाहते तर दहाही प्रतींच्या माथ्यावर त्यांनी लाल शाईने, बँकेत घडलेल्या आपल्या गोल अक्षरात, तीच ओळ लिहून ठेवली होती.

त्यानंतर पुष्कळ स्थळे पाहिली. लग्न अजून झालेले नाही. माझा विश्वास परत आला असे म्हणवत नाही. त्या लाल ओळीवर मात्र बरीच वर्षे काढली. ज्यांचे नाते संपले आणि ज्यांनी पुन्हा शोध घेतला, त्यांचे त्या काळात देवाशी कसे जमले, किंवा कसे जमले नाही, ते वाचायला आवडेल. उपाय कृपया सांगू नयेत. ते आईच्या भिशीमंडळाकडे मुबलक आहेत.

कातळवाट
आमच्या सिंधुदुर्गात असे प्रश्न थेट देवालाच विचारतात. घटस्फोटानंतर दोन वर्षांनी कुडाळकडचे एक स्थळ सांगून आले, तेव्हा बाबा मला ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेले. गुरवांनी गाऱ्हाणे घातले, पाषाणाला दोन्ही अंगांना ओली फुले चिकटवली आणि आम्ही पापणी न हलवता पाहत बसलो. बऱ्याच वेळाने उजवे फूल पडले. उजवा कौल मिळाला म्हणून बाबांनी घरी येताना पेढे घेतले, आणि दोन महिन्यांत मुलीकडच्यांचा नकार आला.

मी तावातावाने गुरवांकडे गेलो. ते अंगणात नारळ सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "तू 'फुडे जाव काय' असा इचारलंस, देवान 'जा' म्हटल्यान. लगीन होतला काय, ता तू इचारलंस खंय?" राग गेला नाही, पण हसू आले, आणि ते त्या वर्षातले पहिलेच असावे. पुढे आताच्या पत्नीचे स्थळ आले, तेव्हा पुन्हा कौल लावायचे धाडस मला झाले नाही. लग्नानंतर देवीची ओटी भरायला गेलो, तर गुरवांनी एवढेच विचारले, "देवाक न इचारता?"

ओवीवेडी
सांजवात, त्या प्रतींपैकी एखादी उरली असेल तर जपून ठेवा. आणि दर्शनाला किती वेळ लागला तेही सांगा, सासूबाईंना न्यायचे आहे.

सांजवात
नऊ प्रती वाटल्या गेल्या. दहावी आईच्या पोथीत खुणेला आहे. रांगेत आम्हाला चार तास लागले. एकादशीच्या आसपासचे दिवस टाळा आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचा आधी विचार करा.

भंडारा
घरी म्हाळसा असताना खंडोबाने बाणाईसाठी धनगरवाड्यावर चाकरी केली, हे आपण जागरणात कौतुकाने ऐकतो. मी मात्र रीतसर घटस्फोटानंतर दुसरे लग्न केले, तर जेजुरीला सोबत यायला सख्खे काका तयार नव्हते. प्रथेप्रमाणे बायकोला उचलून पाच पायऱ्या चढलो. वय बेचाळीस, कंबर दुखरी. चार पायऱ्या माझ्या होत्या, पाचवी मल्हारीची.

निळे आगर
सांजवात, तुमच्या वडिलांच्या पेनावरून हे आठवले. मी वसईच्या कॅथलिक घरातली आहे. आमच्याकडे न्यायालयाचा घटस्फोट पुरेसा नसतो. आधीचा विवाह मुळातच अवैध होता, असा निर्णय चर्चच्या न्यायासनाने दिल्याशिवाय चर्चमध्ये दुसरे लग्न लागत नाही. पूर्वी तोच निर्णय दुसऱ्या न्यायासनाकडूनही मिळवावा लागे. ती अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढून टाकली, म्हणून माझे काम त्या मानाने लवकर झाले. तरी चौकशीतले प्रश्न काही सोपे झाले नाहीत. 'लग्न ठरले त्या वेळी तुमच्या मनात शंका होती का?' या प्रश्नाच्या कागदासमोर मी तीन रात्री बसले. शंका होती. ती मी कोणालाच सांगितली नव्हती, देवालाही नाही.

त्या काळात रविवारची मिस्सा मी कधी चुकवली नाही. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत त्याच्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हणायचे असते, तिथे माझे नुसते ओठ हलत. शेजारी उभ्या असलेल्या आईने ते ओळखले होते आणि नेमक्या त्या ओळीला ती स्वतःचा आवाज चढवत असे. एकदा तर पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिले. निर्णय येऊन आता चार वर्षे झाली आहेत आणि अजून मनाजोगते कोणी भेटलेले नाही. ती ओळ आता म्हणता येते, पण हळू आवाजात.

पाऊसओली
माझे लग्न झालेले नव्हते, त्यामुळे माझे काही संपले आहे हे घरात कोणाला मान्यच नव्हते. सहा वर्षांचे प्रेम तुटले, तर 'बरे झाले, आता नीट स्थळ बघू' असे म्हणून आई पत्रिका घेऊन एका ज्योतिषांकडे गेली. त्यांनी एकवीस हजार रुपयांची शांत सांगितली आणि आईने माझ्याकडे असे पाहिले, की जणू ते ग्रह मीच तिथे बसवले होते. मी पैसे भरू दिले नाहीत. त्याऐवजी गजानन महाराजांच्या पोथीचे एकवीस अध्याय तीन दिवसांत वाचले. 'तो परत येऊ दे' असे मागायचे ठरवून बसले होते. पण शेवटच्या अध्यायानंतर हात जोडले, तेव्हा ते तोंडातून बाहेर पडेना, म्हणून 'झोप लागू दे' एवढेच मागितले. ती लागली. त्यापुढचे मागणे अजून ठरलेले नाही.

रीतसर
हिंदू विवाह कायद्यानुसार परस्परसंमतीच्या घटस्फोटात साधारणतः सहा महिने थांबावे लागते. ही मुदत परिस्थितीनुसार माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले. आमचे प्रकरण त्याआधीचे होते. ते सहा महिने मी दर मंगळवारी सारसबागेतल्या गणपतीला जाऊन तिचे मन बदलू दे असे मागत असे. नंतर एका सामाईक मित्राकडून कळले, की तीही त्याच गणपतीला जात होती आणि माझे मन बदलू नये, मी सही करावी, असे मागत होती. देवाची काय पंचाईत झाली असेल!

तिचे ऐकले गेले. माझे दुसरे लग्न होऊन आता सात वर्षे झाली आहेत. तेव्हा माझे ऐकले नाही म्हणून अधूनमधून मी तिथे मोदक ठेवून येतो. बायकोला कारण सांगितलेले नाही.

समई
रीतसर, सांगून टाका, त्या हसतील.

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याचे घर सोडले. भांडीकुंडी, दागिने मागे ठेवले, पण माहेरून लग्नात दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. भाड्याच्या खोलीत त्यांची रोज पूजा करत होते; तरी जोडीदार मिळावा असे मागायची लाज वाटे. या वयात देवाकडे धड गुडघे मागावेत, नवरा नव्हे, असे थोरली बहीण म्हणायची. बारा वर्षांनी हास्यक्लबात ओळख झालेल्या एका विधुर गृहस्थांशी मी नोंदणी पद्धतीने लग्न केले.

त्यांच्या देव्हाऱ्यात त्यांच्या पहिल्या पत्नीची अन्नपूर्णा होती. एका देव्हाऱ्यात दोन ठेवू नयेत, एकीचे विसर्जन करावे, असे ओळखीच्या गुरुजींनी सांगितले. कोणत्या, ते मात्र त्यांनी आमच्यावर सोडले. हे गप्प राहिले, मीही गप्प राहिले, आणि माझी अन्नपूर्णा दोन दिवस रुमालातच जेवणाच्या टेबलावर होती. तिसऱ्या दिवशी मी दोघींना ताम्हनात घेतले आणि चिंच लावून घासले. दोघीही पितळेच्या, बोटभर उंचीच्या, नाकडोळे झिजून गेलेल्या. घासून पुसून उजेडात धरल्या, तर कोणती कोणाची हे मला सांगता येईना. ह्यांना हाक मारली, तर त्यांनाही सांगता येईना.

सांजवात
मग दोघींना वेगवेगळ्या वाट्यांत ठेवता का?

समई
एकाच. जुन्या वाटीत दोघी मावेनात, म्हणून मोठी वाटी घेतली. खालचे तांदूळ मी शुक्रवारी बदलते.