हिडकल जलाशयावरचा रिंगवाला ऑस्प्रे: कोड वाचायला मदत हवी आहे

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकलच्या बॅकवॉटरला पाण्यात उभ्या वाळक्या झाडावर ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) बसतोय. डाव्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली काळी रिंग, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांचा कोड, उजव्यात धातूची रिंग. ६०० मिमी लेन्स, १/२५०० शटर, सकाळी ऊन पाठीशी घेऊन फोटो काढलेत. खालचं अक्षर नक्की H आहे. वरचं पोटाच्या पिसांखाली जातं, शिवाय रिंग पायावर फिरते. मासा फाडताना पाय उघडा पडतो, पण तेव्हा फोटो हलतो. होडीतून जवळ जाणं नकोच, पक्षी बिचकून जागा सोडेल. ब्रिटनची डावा-उजवा पाय पद्धत (रिंग कोणत्या पायात आहे त्यावरून पक्षी तिथल्या कोणत्या भागातला ते ओळखणं) सुचवू नका. तिकडचे ऑस्प्रे हिवाळ्यात मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत जातात.

रशिया किंवा मध्य आशियात डाव्या पायात काळी रिंग कोण घालतं? आणि अर्ध्या कोडवर बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) नोंद पाठवता येते का?